आकाशातील बंदोबस्त

१७ जानेवारी २०२५ ची पहाट. संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता. पाचच्या सुमारास फोन वाजला, आणि अवेळी वाजणारा फोन आमच्या वयाच्या माणसास जसा वाटतो तसाच तो आम्हांस वाटला. फ्लोरिडाहून सूनबाई बोलत होत्या. "मामंजी, घाबरू नका. यांचं विमान सान हुआनला उतरायचं होतं, ते वाटेतच घिरट्या घालतंय म्हणे. वर काहीतरी फुटलंय." सौभाग्यवतींनी देवापुढे निरांजन लावले. आम्ही अंगणात येऊन उगाचच वर पाहत उभे राहिलो. सांबऱ्याच्या बाजूस अजून अंधार होता.

झाले होते ते असे. टेक्सासच्या किनाऱ्यावरून स्पेसएक्स या खासगी कंपनीने सोडलेले स्टारशिप यान सुमारे साडेआठ मिनिटांनी निकामी झाले व टर्क्स आणि केकॉस बेटांच्या वर त्याचे जळते तुकडे विखुरले. त्या पट्ट्याकडे निघालेली विमाने नियंत्रकांनी बाहेरच थोपवली. काही माघारी वळली, काहींस इंधनाची चिंता पडली. चिरंजीवांचे विमान फ्लोरिडासच परत आले. मधले दोन तास ते कोठे आहेत हे आम्हांस सांगू शकेल असा कोणी नव्हता.

तेव्हापासून या विषयाचे वाचन आम्हांस जडले. अग्निबाण सुटण्यापूर्वी त्याच्या वाटेखालचा धोक्याचा प्रदेश गणिताने आखतात आणि 'नोटॅम' नावाची सूचना काढून तेवढे आकाश विमानांस बंद करतात. उड्डाण लांबले की बंदीही लांबते. पूर्वी हा कारभार बराचसा दूरध्वनीवर आणि हाताने आकडे भरून चाले. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने २०२१ साली अशी यंत्रणा सुरू केली की यानाचे स्थान आणि वेग थेट नियंत्रकांच्या मुख्य केंद्रात दिसू लागले. यान पुढे गेले की मागचे आकाश टप्प्याटप्प्याने मोकळे करण्याची पद्धतही आली. सरासरी चार तासांहून अधिक चालणारी बंदी दोन तासांच्या किंचित वर आली, असे त्या खात्याने तेव्हाच जाहीर केले. यान फुटलेच तर लागू करावयाचे राखीव क्षेत्र निराळे. त्या पहाटे तेच लागू झाले होते.

बंद करणे सोपे असते, उघडणे अवघड, हे आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचे पाणी निपाणीजवळ यमगर्णीपाशी महामार्गावर आले. आम्ही त्या बंदोबस्तात होतो. बंदीचा निर्णय क्षणात झाला. पाणी उतरू लागले तेव्हा 'मार्ग सुरक्षित आहे' असा अहवाल द्यावयाचा होता, आणि आमचा हात चालेना. रस्ता खचला तर सही आमची! एक बाई कोल्हापुरास वडिलांच्या अंत्यदर्शनास निघाल्या होत्या. चार वेळा येऊन विचारून गेल्या. पाचव्यांदा आल्या नाहीत. अहवाल आम्ही दिला तो दुसऱ्या दिवशी, आणि आदल्या सायंकाळीच तो देता आला असता हे आज मान्य करतो. नियंत्रकाच्या हाती नेमके स्थान दाखवणारे साधन का हवे, हे आम्हांस त्या बाईंमुळे कळते.

हे सारे परदेशातलेच आहे असे कोणी समजू नये. २०२२ साली गुढीपाडव्याच्या सायंकाळी, २ एप्रिलला, चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी आकाशातून भलेमोठे धातूचे कडे येऊन पडले. चिनी अग्निबाणाचा तो भाग असावा, असे जाणकारांचे मत पडले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. आमच्यातल्या जुन्या कारकुनास लगेच प्रश्न पडला, पंचनाम्यात मालक कोण लिहायचा? त्याचे उत्तर आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवर किंवा उडत्या विमानास अवकाशातील वस्तूने हानी केली, तर ती सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यावयाची. चूक कोणाची हे सिद्ध करण्याची गरज नाही.

आता आपल्याकडेही खासगी बाण सुटू लागले आहेत. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून स्कायरूट कंपनीचा विक्रम-एस ८९.५ किलोमीटर उंच गेला. ३० मे २०२४ रोजी अग्निकुलचा अग्निबाण उडाला. तमिळनाडूत कुलशेखरपट्टणम येथे दुसऱ्या तळाची पायाभरणी २०२४ च्या फेब्रुवारीत झाली. वर्षाकाठी दोन-चार उड्डाणे असतील तोवर जुन्या सूचनापत्रांवर भागेल. ती आठवड्याला होऊ लागली की बंगालच्या उपसागरावरून जाणाऱ्या विमानांस रोजच वळसा पडेल. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा 'इन-स्पेस', विमानतळ प्राधिकरण आणि कंपन्या यांनी आजच एका पडद्यासमोर बसावे, असे आम्हांस वाटते. निवृत्त माणसाचे मत कोण विचारतो म्हणा!

पुढे मे महिन्यात चिरंजीव सांबऱ्यास उतरले. जेवताना आम्ही विचारले, त्या दिवशी वर काय कळले? म्हणाले, "बाबा, आधी काहीच नाही. डावीकडच्या खिडक्यांशी गर्दी झाली, पोरं टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, खाली कुठं आतषबाजी चाललीये. मग लक्षात आलं, ती आमच्या वर होती." त्यांनी मोबाइलवर टिपलेले चित्र पुढे केले. सौभाग्यवतींनी ते पाहिले नाही.