दोरीच्या आतला वेग : नाशिक, एक जुनी एस्टीम आणि ऑटोक्रॉस

१/ नाशिकच्या अंबड भागातील एका घरी २००२ सालची मारुती एस्टीम आहे. तिच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक दोनशे पानी वही असते. तेल कधी बदलले, किती किलोमीटरला बदलले, ब्रेक शू कोणते बसवले, खर्च किती आला, हे सारे त्या वहीत निळ्या शाईने लिहिलेले आहे. गेल्या हिवाळ्यात या वहीत प्रथमच सेकंदांत मोजलेली एक नोंद झाली. त्या एका ओळीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचाच हा धागा.

२/ वही वडिलांची. ते औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात टर्नर होते. मायको आणि महिंद्र यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांच्या आधाराने सातपूर-अंबडमध्ये जॉब वर्क करणारी लहान वर्कशॉप वाढली. सातपूरच्या महिंद्र कारखान्यात १९९६ मध्ये फोर्ड एस्कॉर्टची जुळणी सुरू झाली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओही नाशिकहूनच बाहेर पडली. मोटारी घडवणाऱ्या या शहरात घडवणाऱ्याच्या दारात मोटार यायला मात्र वेळ लागे. वडिलांच्या दारात ती आली २००७ मध्ये, तीही सेकंडहँड.

३/ एस्टीमची कुळकथा थोडक्यात अशी. १९९० मध्ये मारुती १००० आली. तिचे रूप देखणे, पण ९७० सीसीचे इंजिन त्या देहाला अपुरे होते. १९९४ मध्ये त्याच देहात १२९८ सीसीचे इंजिन बसले आणि एस्टीम जन्मली. वजन ९०० किलोच्या आत. पुढे कार्ब्युरेटर जाऊन फ्यूएल इंजेक्शन आले, तेव्हा शक्ती ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. हलका देह आणि तरतरीत इंजिन, शिवाय कोणत्याही गावी मिळणारे सुटे भाग. भारतीय रॅलींमध्ये जिप्सीच्या बरोबरीने एस्टीमची वर्षानुवर्षे सद्दी राहिली, ती यामुळेच.

४/ नाशिकच्या आसपासच्या कच्च्या डोंगरवाटांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. या घरातील मुलाने शाळकरी वयात अशी एक फेरी धुळीच्या कडेला उभे राहून पाहिली होती. समोरून धूळ उडवीत गेलेली गाडी आपल्या दारातल्या गाडीसारखीच दिसते, एवढे त्याला पुरेसे होते. घरच्या कुणालाही ही गोष्ट बरीच वर्षे ठाऊक नव्हती.

५/ ठाऊक झाली ती वाईट रीतीने. पदवीच्या शेवटच्या वर्षी रात्री अकरानंतर त्र्यंबक रस्त्यावर मित्राच्या गाडीशी शर्यत लावताना तो पोलिसांना सापडला. दंड भरला गेला आणि विषय तिथेच संपला असता. पण वडिलांनी दुसऱ्या दिवशी टायर तपासले, वहीत एक ओळ लिहिली आणि दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून कपाटात ठेवली. सहा महिने ती कपाटातच राहिली. वहीतली ओळ एवढीच होती : “पुढचे दोन्ही टायर कडेने झिजलेले. कारण विचारले नाही.”

६/ इथे इतिहासात थोडे मागे जावे लागते. मोटारींच्या आरंभीच्या शर्यती उघड्या रस्त्यांवर, गावांमधून होत. २४ मे १९०३ रोजी पॅरिस-माद्रिद शर्यत सुरू झाली. रस्त्याच्या दुतर्फा अफाट गर्दी, पुढच्या गाडीच्या धुळीने आंधळे झालेले चालक, मध्येच आडवी येणारी माणसे आणि जनावरे. अपघातांत चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षकही दगावले. प्राणघातक जखमा झालेल्यांत रेनो कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो हेही होते.

७/ फ्रेंच सरकारने शर्यत बोर्दो येथेच थांबवली. गाड्यांची इंजिने पुन्हा सुरू करण्यासही मनाई झाली आणि त्या घोड्यांकडून ओढून रेल्वे स्थानकावर नेण्यात आल्या, असे सांगतात. यानंतर एक विचार मूळ धरू लागला. वेग हवा असेल तर त्याला रस्त्यापासून वेगळी जागा द्यावी लागेल. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सचा खास शर्यतींसाठी बांधलेला मार्ग खुला झाला, तो याच दिशेने टाकलेले एक पाऊल होता.

८/ पण असा मार्ग बांधायला पैसा लागतो आणि त्यावर धावण्याइतकी गाडी घ्यायला त्याहून अधिक. सामान्य हौशी माणसाने काय करावे? दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील मोटार क्लबांनी शेतकऱ्यांकडून गवताळ माळ भाड्याने घेतले, अमेरिकेतील क्लबांनी ओस पडलेले विमानतळ आणि रिकामे वाहनतळ धरले. दोरी बांधली, खुणा मांडल्या, हातात घड्याळ घेतले. ऑटोक्रॉस हे बोर्दोच्या धड्याचे सर्वांत स्वस्त उत्तर आहे.

९/ खेळ समजायला सोपा आहे. मैदानावर कोन ठेवून वळणावळणाचा मार्ग आखतात. एका वेळी साधारणपणे एकच गाडी सुटते. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, असते ते घड्याळ. कोनाला धक्का लागला की ठरलेले सेकंद वेळेत मिळवले जातात, आणि मार्गच चुकला तर बहुधा ती फेरी वाया जाते. गट इंजिनाच्या सीसीनुसार पडतात. वेग बहुतांशी दुसऱ्या गिअरपलीकडे जात नाही. भारतात हा खेळ प्रामुख्याने मातीवर रंगतो.

१०/ किल्ली कपाटात असताना मुलाने ही माहिती गोळा केली आणि एका संध्याकाळी वडिलांसमोर मांडली. मोटारक्रीडेचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना आहे, परवान्याची पद्धत आहे, हेल्मेट सक्तीचे आहे, गाडीची आधी तपासणी होते. वडिलांनी सारे ऐकून एकच विचारले, “समोरून कुणी येतं का?”
“नाही, बाबा. मैदानात एकच गाडी असते.”
“मग आधी गाडी बघू. तुझं नंतर.”

११/ द्वारकेजवळच्या गॅरेजमध्ये मुलाने मोबाइलमधली यादी वाचून दाखवली. मोठा सायलेन्सर, रुंद चाके, खाली बसवलेले सस्पेन्शन, मागची सीट कायमची बाद. म्हाताऱ्या मिस्त्रींनी हात पुसत यादी पुरी होऊ दिली. मग म्हणाले, “बेटा, पहिल्या दिवशी गाडी हरत नाही. चालवणारा हरतो. आधी ती कंपनीतून आली तशी तरी कर.” बावीस वर्षांच्या गाडीचे बुश झिजलेले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर मेलेले, इंजिनाचे एक माउंटिंग फाटलेले. अशा गाडीवर नवे काही चढवणे म्हणजे भेगाळलेल्या भिंतीला रंग देणे.

१२/ नवख्या माणसासाठी खरी यादी छोटी निघाली. नवे बुश आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ताजे ब्रेक ऑइल, कारण जुन्या ऑइलमध्ये पाणी मुरते आणि ब्रेक तापले की पेडल मऊ पडते. मातीत पकड धरणारे १३ इंची टायर. मागच्या ड्रमवर चालणारा हँडब्रेक नीट ताणलेला, कारण पुढच्या चाकांवर चालणारी गाडी अरुंद वळणात नाक बाहेर काढते आणि तिला फिरवायला तोच कामी येतो. बॅटरी घट्ट बांधलेली, पेट्रोलची गळती नाही, ओढण्यासाठी हुक मजबूत.

१३/ मोठ्या बदलांच्या आड आणखी एक गोष्ट होती, कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठाम केला. पूर्ण बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, ती टोइंगवरून मैदानापर्यंत न्यावी लागते. बोर्दोच्या घोड्यांची जागा इथे टोइंग व्हॅनने घेतली आहे.

१४/ त्यातच जुन्या खाजगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, ते पाच-पाच वर्षांसाठी मिळते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानंतर अशा गाड्यांकडे भंगाराच्या नजरेने पाहिले जाऊ लागले. प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. पण हौशी खेळाचे दार आजवर याच स्वस्त, जुन्या, हाताने दुरुस्त होणाऱ्या गाड्यांनी उघडे ठेवले. त्या संपल्या की या दारातून फक्त पैसेवाले आत येतील.

१५/ घरातला पेच याहून साधा होता. याच गाडीतून आईला डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा न्यावे लागे. मागची सीट कायमची निघाली तर तिने पाय लांब करून बसायचे कुठे? मुलाने यादीतून ती ओळ स्वतःच खोडली. पर्याय वडिलांच्या लेथने दिला. सीटचे गंजलेले बोल्ट काढून त्यांनी नवे वळवले, असे की शनिवारी रात्री वीस मिनिटांत सीट निघावी आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा बसावी. या एस्टीममधला एकमेव खास बदल म्हणजे हे चार बोल्ट.

१६/ स्पर्धेच्या सकाळी शहराबाहेरच्या माळावर बापलेक मार्ग पायी चालून आले. नियमानुसार प्रत्येक स्पर्धकाला ही संधी मिळते आणि नवखे ती वाया घालवतात. मुलगा वळणे मोजत होता. वडील जमीन पाहत होते. एका जागी ते थांबले आणि बुटाने माती उकरून म्हणाले, “इथं खाली मुरूम आहे, वर नुसती धूळ. ब्रेक याच्या अलीकडे मार.”

१७/ पहिल्या फेरीत मुलगा घाईत एक दार चुकला आणि फेरी बाद झाली. दुसऱ्या फेरीत दोन कोन उडाले. तिसऱ्या फेरीत त्याने मुरुमाच्या अलीकडे ब्रेक मारला, नजर पुढच्या कोनावर न ठेवता त्याच्याही पुढच्यावर ठेवली, आणि गाडी प्रथमच त्याच्या हाताखाली शांतपणे वळली. फेरी संथ झाली असे त्याला वाटले. ती त्याची सर्वांत चांगली वेळ होती. त्याच गटातील पहिला स्पर्धक तशाच जुन्या एस्टीममध्ये नऊ सेकंदांनी पुढे होता.

१८/ नऊ सेकंद म्हणजे या खेळात युग. त्र्यंबक रस्त्यावर रात्री आपण वेगवान आहोत, असे त्याला वर्षभर वाटत आले होते. तिथे मोजायला कुणी नव्हते, म्हणून तसे वाटणे शक्य होते. दोरीच्या आत आल्यावर पहिल्याच दिवशी तो समज गळून पडला, आणि त्यात कुणालाही खरचटलेसुद्धा नाही. १९०३ मध्ये हाच धडा फार महाग पडला होता.

१९/ संध्याकाळी सीट परत बसली. सोमवारी सकाळी आईला रुग्णालयात नेण्यासाठी गाडी निघाली तेव्हा मागच्या काचेवर माळावरची तांबडी धूळ तशीच होती. वडिलांनी वही काढली, तारीख घातली आणि पेन मुलाच्या हाती दिले. त्याने लिहिले : “तिसरी फेरी, ७१.४ सेकंद, कोन शून्य.” वडिलांनी त्याखाली आपल्या अक्षरात जोडले : “टायर चारही समान झिजलेले.”

२०/ किल्ली तेव्हापासून दाराजवळच्या खिळ्यावर आहे.

(धागा समाप्त)