आच की उजेड

तंत्रनिकेतनात मी आयुष्यभर भट्ट्या, बॉयलर आणि बर्नर शिकवले. निवृत्तीच्या दिवशी लोक माझ्याविषयी बरंच चांगलं बोलले, पण त्यातलं निम्मं तरी माझं नव्हतं. ते धुळ्याच्या पाचकंदील भागात स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं होतं. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणायचो. त्यांचं नाव लिहू का, असं मध्यंतरी त्यांच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "नावाचं काय करता सर, कामाचं लिहा." म्हणून नाव लिहीत नाही.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या मागच्या अंगणात पऱ्हाट्यांची चूल होती आणि स्वयंपाकघरात पितळी पंपाचा स्टोव्ह. खानदेशात कापूस पिकतो, त्यामुळे पऱ्हाट्यांना तोटा नाही. वांग्याचं भरीत पऱ्हाट्यांवरच भाजावं, स्टोव्हवर भाजलेलं ते भरीत नव्हे, असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण सकाळचा चहा, बाळंतिणीचं पाणी, अवचित आलेला पाहुणा यांसाठी स्टोव्हच लागे. तो भरभरायचा थांबून पिवळा जळू लागला की आई मला आबांकडे पिटाळायची.

आबांचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली बोळ आणि तिच्यावर टाकलेला पत्रा. भिंतीला तारेत ओवलेल्या बर्नरच्या माळा, डब्यात निपल, चामड्याचे वायसर, पिना. मला तिथे थांबायचा कंटाळा यायचा. मी हुशार विद्यार्थी समजला जात होतो आणि स्टोव्हमध्ये शिकण्यासारखं काही असेल असं मला वाटत नव्हतं. एकदा स्टोव्ह खाली ठेवून मी म्हणालो, "आबा, पिन मारून मारून आई दमली, तरी काजळीच धरतोय."

त्यांनी निपल काढलं आणि उजेडाकडे धरून मला त्यातून पाहायला लावलं. मग शेजारी नवं निपल धरलं. नव्याचं भोक सुईच्या टोकाएवढं होतं, आमच्या जुन्याचं पिन खुपसून खुपसून रुंद झालं होतं. "वाफ जास्ती येस, हवा तेवढीच," आबा अहिराणीत म्हणाले. "मंग पिवया जळी नही ते काय?"

बस, एवढंच. त्या वाक्यात काय होतं ते मला कळायला पुढची काही वर्षं लागली.

हा स्टोव्ह मूळ स्वीडनचा. १८९२ साली फ्रान्स लिंडक्विस्ट याने स्टॉकहोममध्ये तो बाजारात आणला आणि प्रायमस या नावाने तो जगभर पसरला. आपल्याकडच्या पितळी स्टोव्हचं कूळ तेच. पंपाने टाकीत हवा दाबायची, तिच्या जोराने रॉकेल नळीतून वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते, ती निपलमधून वेगाने उडते आणि उडतानाच आजूबाजूची हवा ओढून घेते. हे मिश्रण नीट जुळलं तर ज्योत निळी. निपलचं भोक मोठं झालं की वाफ वाढते, तिच्या मानाने हवा पुरत नाही, न जळलेला कार्बन ज्योतीत लालपिवळा तापून चमकतो आणि वर भांड्याला काजळी होऊन बसतो. मी बी. एस्सी.ला गेल्यावर हिशोब केला तेव्हा चकित झालो होतो. एक लिटर रॉकेल पुरतं जळायला सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. आपण रेशनच्या रांगेत पाच लिटरसाठी भांडायचो आणि या हवेचा विचारही करत नव्हतो. आबांना आकडा माहीत नव्हता. पण दुरुस्तीला काहीही आलं तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "हवा कथाईन येस?" म्हणजे हवा कुठून येते?

पदवीसाठी मी जळगावला मामांकडे राहून मू. जे. महाविद्यालयात शिकलो. मामांचं घर सराफ बाजाराजवळ. रॉकेलच्या गोष्टी त्या गावात वेगळ्याच अभिमानाने सांगतात, कारण वाकोदच्या भवरलाल जैन यांनी १९६३ साली घरातली सात हजार रुपयांची पुंजी घालून जळगावात हातगाडीवरून रॉकेल विकायला सुरुवात केली होती आणि त्यांच्या उद्योगाचा पुढचा सगळा पसारा तिथून उभा राहिला. मला मात्र त्या बाजारातून आठवतात ते डाख देणारे सोनार. समोर मिणमिणता दिवा, त्याची आळशी पिवळी ज्योत, तोंडात वाकडी फुंकणी. सोनार गाल फुगवून त्या ज्योतीत बारीक, न तुटणारी फुंकर सोडायचा. ज्योत आडवी व्हायची, टोकदार व्हायची, निळी पडायची आणि अंगठीवरचा डाख वितळून धावायचा. दिवा तोच, तेल तेच. फरक फक्त फुंकरीचा.

सुट्टीत धुळ्याला गेल्यावर मी हे मोठ्या उत्साहाने आबांना सांगितलं. जणू मीच शोध लावला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या सोनारानं रात्री हिशोब लिहायला कोणता दिवा घेतला?"

तोच दिवा, फुंकर न मारता. दुसरं काय उत्तर असणार!

मग त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून मला जे समजावलं त्यावर माझी सगळी नोकरी चालली. उजेड हवा तर ज्योत पिवळी लागते, कारण उजेड देतो तो तापलेला काजळीचा कणच. आच हवी तर ज्योत निळी लागते, कारण कण उरला म्हणजे तेवढं रॉकेल वाया गेलं. दिवा आणि स्टोव्ह यांची मागणी उलटी आहे. म्हणून बर्नर सुधारायला बसणाऱ्याने आधी ठरवावं, आपल्याला आच हवी की उजेड. दोन्ही एकदम मागणारा दोन्हीला मुकतो. कंदिलाची काच, बाजूच्या नळ्या, वातीची कोपरे उडवलेली कड, हे सगळं ज्योत पिवळी ठेवून धूर कमी करण्यासाठी असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आमच्या घरी ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता. लहानपणापासून मी त्याची काच राखेने पुसत आलो होतो, पण बाजूच्या नळ्या मला धरायच्या मुठीच वाटत. त्यांतून ज्योतीला हवा मिळते हे मला पदवीच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. विज्ञानात मला चांगले गुण होते, हेही इथे नोंदवून ठेवतो.

आता पुढची गोष्ट, जी सांगताना आजही हात जड होतो.

१९८०च्या आसपासची. तेव्हा वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही ओळ वरचेवर यायची. इतकी, की आम्ही ती वाचून पान उलटायचो. एक दिवस एक गृहस्थ आबांकडे स्टोव्ह विकायला आले. भडकलेला आहे, घरात नको, मोडीत घ्या, म्हणाले. ते गेल्यावर आबांनी टाकीत हवा भरली आणि स्टोव्ह पाण्याच्या घमेल्यात बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. सांधे शाबूत, चावीचा वायसर शाबूत, बर्नर सरळ, निपल स्वच्छ. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "ह्यानं काही केलं नाही."

पंपाच्या स्टोव्हचे धोके आबांइतके कोणाला माहीत असणार! हवा न सोडता पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं, बर्नर पुरता न तापवता पंप मारला, तर रॉकेलची चिळकांडी उडते आणि पदर पेटतो. अशी भाजलेली माणसं त्यांनी पाहिली होती. पण अशा वेळी हात भाजतात, पुढची बाजू भाजते, आणि स्टोव्हवरही काही खूण राहते. ते मला म्हणाले, मी सांगतो ते लिही. त्यांना सही करता यायची, लिहिता येत नव्हतं. मी घाबरलो. आपण कशाला यात पडायचं, असं म्हणालोही. त्यांनी आवाज चढवला नाही. "तू शिकेल माणूस, तू लिही," एवढंच म्हणाले. मी लिहिलं, त्यांनी सही केली, आणि स्टोव्ह पोत्यात घालून आम्ही दोघं पोलीस ठाण्यात जाऊन तो कागद आणि ती वस्तू देऊन आलो. पुढे कोणी आम्हाला बोलावलं नाही. १९८३ साली दंड संहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८अ हे कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं ३०४ब. त्या बातम्या मी आबांना वाचून दाखवल्या. ते काही बोलले नाहीत. यंत्र नीट ओळखणाऱ्यावर साक्ष देण्याची जबाबदारी येते, हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात भेटलं नव्हतं. त्या दिवसानंतर कुठल्याही अपघाताच्या तपासणीचा अहवाल लिहिताना मी शेवटची सही करण्याआधी थांबत आलो.

त्याच सुमारास पंपाच्या स्टोव्हला पर्याय आला होता. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला नूतन हा वातींचा स्टोव्ह दुकानांत दिसू लागला. त्याची औष्णिक कार्यक्षमता साठ टक्क्यांवर असल्याचं सांगत. आबांचा धंदा पंपाच्या स्टोव्हवर, तेव्हा ते नाक मुरडतील असं मला वाटलं. त्यांनी एक नूतन विकत आणला, सगळा सुटा केला आणि त्यातल्या दोन जाळीदार नळकांड्यांवर बोट फिरवत राहिले. वाती या दोन नळकांड्यांच्या मध्ये असतात आणि भोकांतून ज्योतीला खालपासून वरपर्यंत थोडी थोडी हवा मिळत जाते. "ह्यानं पंपाशिवाय निळी केली," ते म्हणाले. मत्सराचा लवलेश नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांना वाती एकसारख्या कशा कापायच्या आणि जाळी नीट कशी बसवायची ते शिकवू लागले, फुकट. जाळी तिरकी बसली की उत्तमातला उत्तम नूतन धूर ओकतो, आणि लोक शिव्या कारखान्याला देतात.

आच आणि उजेडाचं भांडण मिटवणारी वस्तूही आबांच्याच दुकानात टांगलेली होती. लग्नसराईत ते गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. तिच्यात जळते ती निळी ज्योत, आणि चमकतं ते मेंटल. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने थोरियमच्या क्षारात अगदी थोडं सेरियम मिसळून हे मेंटल घडवलं. काजळीचं चमकण्याचं काम त्याने न जळणाऱ्या जाळीवर सोपवलं. घरातला कंदील शंभर लुमेनही देत नाही, दाबाची बत्ती हजारावर जाते. पण बत्तीच्या डोक्यावरून केवढी आच वाया जाते! थंडीच्या रात्री मांडवामागे आबा बत्तीच्या वर तारेने चहाचं भांडं टांगायचे. आम्ही हसायचो.

अनेक वर्षांनी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेतल्या अनिल राजवंशी यांच्या कामाबद्दल मी वाचलं. आधी त्यांनी 'नूरी' नावाची सुधारित दाबाची बत्ती केली, आणि पुढे 'लॅनस्टोव्ह': एकच रॉकेल, त्यावर मेंटलचा उजेडही आणि कुटुंबाचा स्वयंपाकही. मी कात्रण घेऊन धुळ्याला गेलो. आबा तेव्हा थकले होते. माझ्या तोंडून वर्णन ऐकून ते खूश झाले, आणि लगेच विचारलं, "भांडं वर ठेवलं की खालचा धूर निघतो कुठून? वाट कोंडली तर ज्योत पिवळी पडेल." मी विषय शिकवणारा, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

२०१२ साली कॅलिफोर्निया आणि इलिनॉय विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की बिनकाचेच्या चिमणीत जळणाऱ्या रॉकेलपैकी सात ते नऊ टक्के काजळी होऊन हवेत जातं. हेही मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या माईच्या डोळ्यांना विचारलं असतं तर तिनं आधीच सांगितलं असतं.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली. रेशनचं निळं रॉकेल आटत गेलं. आबांच्या मुलाने बोळीत गॅसच्या शेगड्या आणि कुकर दुरुस्तीला सुरुवात केली. मी आबांना म्हणालो, वाईट वाटत असेल. ते म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं त्याचं वाटतं. रॉकेल गेलं त्याचं काय वाटायचं? चांगलंच झालं." मग जरा थांबून म्हणाले, सिलिंडर परवडत नाही म्हणून खेड्यांत बाया पुन्हा पऱ्हाट्यांवर आल्या आहेत. तुम्ही एवढं शिकवलंत, आता त्या चुलीचं काही बघा.

ते आमचं शेवटचं बोलणं. निवृत्तीनंतर मी साक्री तालुक्यातल्या एका खेड्यात दोन घरांमध्ये पऱ्हाट्यांच्या चुलीवर काम करतो आहे. खालची हवा आणि वरची हवा वेगवेगळ्या वाटांनी दिली आहे. धूर बराच कमी झाला. पण पऱ्हाट्या ओल्या असल्या तर पेटवल्यावर सुरुवातीचा काही वेळ ती अजून धुपते, आणि त्यावर उपाय सापडलेला नाही.