पट्टा अंगावर होता, झाडाला नव्हता

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनला गेलो होतो. नोव्हेंबर सुरू होता. सकाळी बाहेरच्या गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं असायचं. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. वय माझ्याएवढंच, सत्तरीच्या अलीकडे. चालताना डाव्या बाजूला किंचित झुकतात. त्यांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं की मी गप्पा मारायला जायचो. एकदा गेलो तर जमिनीवर दोर, पट्टे, लोखंडी पायऱ्या असा पसारा मांडून बसले होते. मला वाटलं, रंगकाम काढलंय. म्हणाले, "हरणांचा मोसम आलाय. झाडावर चढायची तयारी चाललीय."

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा शब्दच गुन्ह्याच्या बातमीत येतो. तिथं पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत. सरकार परवाने देतं, मोसम ठरवून देतं. धनुष्यबाणाचा मोसम सप्टेंबरात सुरू होतो आणि बंदुकीचा नऊ दिवसांचा मुख्य मोसम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी. मी विचारलं, हरीण जमिनीवर असताना तुम्ही झाडावर कशाला? त्यांनी कारणं सांगितली. हरीण वर फारसं बघत नाही. माणसाचा वास त्याच्या डोक्यावरून जातो. वरून लांबचं दिसतं, आणि चुकलेली गोळी दूर कुणाला लागण्याऐवजी जमिनीत जाते. थोडक्यात आपलं मचाणच. फरक इतकाच की आपल्या शिकारकथांतलं मचाण दुसऱ्यांनी बांधलेलं असायचं, इथं पहाटे चार वाजता अंधारात एकट्यानं चढायचं असतं.

मग मला नादच लागला. रोज एकेक प्रकार समजून घ्यायचो.

पहिला प्रकार शिडीच्या मचाणाचा. पंधरा ते वीस फुटांची शिडी, तिच्या टोकाला बैठक, सगळं झाडाला टेकवून पट्ट्यांनी आवळलेलं. म्हाताऱ्यांना हेच सोयीचं. धोका चढण्यापेक्षा उभारताना जास्त. ती शिडी एकट्यानं उभी करू नये, तीन माणसं हवीत. आणि वर्षभर रानात राहिलेले पट्टे उन्हानं कुजतात, खारी कुरतडतात, झाड वाढलं की ताणून तुटायला येतात. दिसायला सगळं जागेवर असतं, म्हणून माणूस न तपासता चढतो.

दुसरा टांगत्या मचाणाचा. छोटीशी फळी खोडाला बांधायची आणि खोडावर लोखंडी पायऱ्यांचे तुकडे पट्ट्यांनी आवळत वर जायचं. काही जण मळसूत्राच्या पायऱ्या सरळ झाडात पिळतात. त्यानं झाडाला जखम होते, म्हणून बऱ्याच सरकारी जंगलांत त्याला मनाई आहे. या प्रकारात जीव जातो तो शेवटच्या पावलाला. पायरीवरून फळीवर जाताना एक पाय इथं, एक तिथं, आणि हाताला धरायला काही नाही. म्हणून पायऱ्या फळीच्या वरपर्यंत न्यायच्या, म्हणजे फळीवर चढावं लागत नाही, उतरता येतं. एवढ्याशा गोष्टीनं फार फरक पडतो.

तिसरा सरकत्या मचाणाचा. दोन भाग, दोन्ही खोडाला कवटाळून. हातानं वरचा भाग उचलायचा, मग पायानं खालचा ओढून घ्यायचा, अळीसारखं सरकत वर जायचं. सरळ, बिनफांदीचं झाड लागतं. गुळगुळीत, सुट्या सालीवर किंवा बर्फ धरलेल्या खोडावर याची पकड सुटते. खोड वर बारीक होत जातं, म्हणून खालून निघताना फळीचं तोंड थोडं वर ठेवावं लागतं, नाहीतर वर पोचेपर्यंत ती पुढं कलते. आणि दोन्ही भाग एकमेकांना दोरानं बांधायचेच. खालचा भाग निसटून पडला तर माणूस वरच्याला लोंबकळत राहतो आणि खाली यायला वाटच उरत नाही.

चौथा प्रकार तरुणांचा, झोळीचा. कमरेला झोळीसारखा पट्टा बांधून त्यातच बसायचं, पाय छोट्या फळीवर. यात माणूस बसल्यावर सतत बांधलेला असतो, हा मोठा गुण. पण दोर डोक्याच्या वर बांधलेला आणि ताणलेला हवा. त्याला ढील राहिली तर घसरल्यावर तेवढ्या ढिलीइतका हिसका बसतो. वाटेत फांदी आली की कमरेचा दोर सोडून पलीकडं घ्यावा लागतो. तेव्हा दुसरा दोर आधी बांधायचा, मग पहिला सोडायचा.

मी विचारलं, "यातला सगळ्यात सुरक्षित कुठला?"

ते हसले. पाठीकडे बोट दाखवून म्हणाले, "मी पडलो तेव्हा माझ्याकडे सगळ्यात महागाचा पट्टा होता. खांद्यांवरून, मांड्यांतून, सगळा अंगभर. अंगावर होता, झाडाला नव्हता. वर बसल्यावर बांधणार होतो."

चौदा फुटांवरून पडले. पाठीच्या मणक्यांत सळ्या आहेत. वर बसलेला माणूस क्वचित पडतो, असं त्यांनी सांगितलं. बहुतेक जण चढताना, उतरताना नाहीतर मचाणावर पाय ठेवताना पडतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा 'वर गेल्यावर बांधू' असं म्हटलेलं असतं. आता ते एक लांब दोर मचाणाच्या वरून जमिनीपर्यंत सोडतात. तो पहिल्यांदा बांधायला चढतानाही कमरेचा पट्टा खोडाभोवती असतोच. त्या दोराला एक गाठ असते. हातानं सरकवली की सरकते, वजन आलं की घट्ट धरते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाची ही गाठ, 1931 पासून त्याच्याच नावानं ओळखली जाते. जमिनीवर असतानाच पट्टा त्या गाठीत अडकवायचा आणि परत जमिनीला पाय लागल्यावरच काढायचा. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत. बंदूक रिकामी करून, नळी खाली ठेवून, दोरीनं मागाहून ओढून घ्यायची. पट्ट्यात नुसतं लोंबकळत राहणंही घातक, पायांत रक्त साकळतं. म्हणून पाय टेकायला पट्ट्याचा एक फास जवळ हवा, फोन हात पोचेल अशा खिशात हवा आणि आपण कुठल्या झाडावर आहोत ते घरी सांगितलेलं हवं. पडणं एकदा झेललेला पट्टा पुन्हा वापरायचा नाही.

हे ऐकत होतो आणि डोळ्यांपुढं आमची वाडी येत होती.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं गाव. मी सातवीत होतो. नारळ पाडायला जे यायचे त्यांना आम्ही पोरं काका म्हणायचो. पायात सुंभाचा वेढा, कमरेला कोयता, बाकी काही नाही. पन्नास फुटांचा माड बोलता बोलता चढायचे. मजुरी माडामागे असायची. किती माड झाले ते अब्बा मला वहीत मांडायला लावत. त्या वर्षी पाऊस लांबला होता, खोडं शेवाळलेली. काका म्हणाले, "दोन दिवस ऊन पडू द्या." अब्बा म्हणाले, "टेंपो उद्या येतोय." काकांनी वाद घातला नाही.

अकराव्या माडावरून ते पडले. उतरताना. माझ्या वहीत दहा रेघा होत्या. अकरावी ओढू की नको, हा विचार मनात आला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ते पुढं नऊ वर्षं बाजेवर होते. अब्बांनी तांदूळ पाठवले, नारळ पाठवले, ईदला कपडे पाठवले. अब्बा वाईट माणूस नव्हते. गावात जो तो म्हणाला, अल्लाची मर्जी. काकांच्या घरचे म्हणाले, नशीब. शब्द दोन, पण दोन्हीकडं चौकशी तिथंच संपली. टेंपोचं नाव कुणी काढलं नाही. आधी उंट बांधावा आणि मग भरोसा ठेवावा, हे आम्ही मदरशात लहानपणीच शिकलो होतो. दोर नव्हता तिथं मर्जीचं नाव घेणं सोपं होतं, आणि स्वस्तही.

परत आल्यावर मी माडावर चढायचं यंत्र घेतलं. पायडलांचं, दोन भागांचं. शेजाऱ्यांच्या सरकत्या मचाणाचा भाऊच म्हणा. त्याबरोबर अंगभर पट्टाही घेतला. नारळ विकास मंडळ अशा यंत्रावर चढायचं शिक्षण देतं, चढणाऱ्यांचा विमाही काढतं. आता आमच्याकडे येणाऱ्या तरुणाला मी ते दाखवलं. त्यानं दोन माड करून पाहिले, उतरला आणि म्हणाला, "चाचा, चांगलं आहे. पण यानं दिवसाला निम्मे माड होतील. मला परवडायचं नाही."

तेव्हा कळलं की मी अर्धीच गोष्ट आणली होती. विस्कॉन्सिनच्या शेजाऱ्यांकडे दोर होता, तसा वेळही होता. पाच मिनिटं जास्त लागली तर त्यांची मजुरी बुडत नव्हती. माडामागे पैसे मोजणारा मालक पट्टा देतो आणि तो वापरण्याचा वेळ कापून घेतो.

त्या दिवसापासून आमच्या वाडीत मजुरी दिवसाची झाली. खर्च वाढला, भाऊ कुरकुरतो. माझ्या जुन्या वहीसारखी रेघांची वही आता लागत नाही. पाऊस झाला असेल तर तो तरुण सकाळी फोन करतो, "चाचा, आज खोडं ओली आहेत." मी म्हणतो, "मग उद्या ये." टेंपोवाल्याला काय सांगायचं, ते माझ्याकडे.