दोरी धरण्याची मुभा

वसईच्या पट्ट्यातील आमच्या पिढीचे पोहणे बावखलात सुरू झाले. दोन सुके नारळ एकत्र बांधायचे, ते छातीखाली घ्यायचे आणि थोरल्या भावाच्या देखरेखीखाली पाय मारू लागायचे, एवढेच त्या विद्येचे व्याकरण. आज अनेक बावखले बुजली आहेत. पश्चिमेला अथांग समुद्र असलेल्या आपल्या गावांतील कितीतरी मुलांना पोहता येत नाही. २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हा आकडा आम्हांला केवळ आकडा वाटत नाही, कारण समुद्राने परत दिलेल्या दोन तरुणांच्या शवपेट्यांपुढे आम्ही प्रार्थना म्हटली आहे. मुलांना पोहायला शिकवा, असे त्यानंतर आम्ही पालकांना सांगू लागलो. आणि सांगता सांगता स्वतःच पाण्यात उतरलो.

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी आम्ही ट्रायथलॉनची तयारी करीत आहोत हे कळल्यावर धर्मग्रामातील काही मंडळींनी आमच्या प्रकृतीची, तर काहींनी आमच्या विचारशक्तीची चौकशी केली. त्या सर्वांना एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तिन्ही गोष्टी न थांबता ओळीने करणे म्हणजे ट्रायथलॉन. या नावाची शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो शहरात मिशन बे येथे झाली आणि २००० साली सिडनीला ती ऑलिंपिकमध्ये आली. २०१९ साली गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर समुद्रात पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे अशी मोठी शर्यत भरली, तेव्हापासून आपल्याकडील तरुणांनाही हा शब्द परिचयाचा झाला आहे. आमची मजल अर्थातच लहान अंतराची : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. आजाऱ्यांच्या भेटींनी सायकल अंगवळणी पडली होती. धावणे हळूहळू जमले. खरा प्रश्न पाण्याचा होता.

तो किती खरा आहे हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेल्या मृत्यूंचा व हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नोंदलेल्या १३५ घटनांपैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या. त्या व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ४७ होते आणि त्यांत ८५ टक्के पुरुष होते. एकूण प्रमाण एक लाख सहभागींमागे दोनपेक्षाही कमी आहे. परंतु पुरुषांच्या बाबतीत ते वयाबरोबर बरेच वाढते. थंड पाणी आणि भीती हृदयाला वेगाने धावायला सांगतात, तर पाण्यात बुडालेला चेहरा आणि रोखलेला श्वास त्याच हृदयाला सावकाश चालायला सांगतात. या दोन उलट आज्ञा एकाच वेळी पोहोचल्या की त्याची लय बिघडू शकते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. म्हणून पोहण्याच्या पोशाखाआधी आम्ही हृदयाचा आलेख आणि स्ट्रेस टेस्ट करून घेतली. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांनी हा क्रम बदलू नये.

जानेवारीपासून आम्ही पोहण्याच्या तलावात जाऊ लागलो. प्रशिक्षक आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. "फादर, हात नंतर बघू. आधी श्वास सोडायला शिका," असे म्हणून त्याने आम्हांला आठवडाभर पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावले. दम लागतो तो श्वास घेता येत नाही म्हणून, अशी सामान्य समजूत आहे. प्रत्यक्षात आतला श्वास पाण्याखाली पुरता सोडला नाही, तर नव्या श्वासाला जागाच उरत नाही. तोंड पाण्यात असेतो सावकाश सोडत राहायचे आणि मान वळली की घ्यायचे, हा ताल बसला आणि २५ मीटरांचे शंभर मीटर झाले. उन्हाळा संपेतो आम्ही न थांबता ८०० मीटर जाऊ लागलो.

परंतु तलावाच्या तळाशी एक काळी रेघ असते आणि दर २५ मीटरांवर भिंत असते. समुद्रात दोन्ही नाहीत. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ. स्वतःचा पंजासुद्धा दिसत नाही. पोहणारा आपण सरळ जातो आहोत अशा समजुतीत वळत जातो आणि ७५० मीटरांच्या जागी हजार मीटर पोहून दमतो. यावरचा उपाय म्हणजे दर सहा-आठ हातांनंतर डोळे तेवढे पाण्यावर काढायचे, मगर काढते तसे, आणि किनाऱ्यावरची एखादी उंच खूण पाहून पुन्हा तोंड पाण्यात घालायचे. खूण उंच आणि न हलणारी हवी. आम्ही दोन ताडांची जोडी निवडली. हा सराव आम्ही तलावातही केला, डोळे मिटून आणि प्रशिक्षकाच्या लाल टोपीला खूण मानून.

समुद्राची वेळ ठरवण्यासाठी आम्ही पाचूबंदरच्या एका वयोवृद्ध नाखव्याकडे गेलो. पावसाळ्यात विषयच नको, नारळी पौर्णिमा होऊन दर्या निवळू द्या, हे त्यांनी पहिल्या वाक्यात सांगितले. आम्ही ऑक्टोबरात पुन्हा गेलो, तो दिवस पौर्णिमेचा होता. "फादर, आज उधाण हाय. अष्टमीला या," म्हणाले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी खूप चढते, खूप उतरते आणि त्यामुळे जोराने ओढते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. तेव्हा ती ओढ सर्वांत कमी. भरतीची वेळ काढायला त्यांना घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची : अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. थोडाफार फरक पडतो, पण दर्यावर्द्यांचे त्यावर भागत आले आहे.

आता अष्टमीचे सहा म्हणजे आमच्या सकाळच्या मिस्साची वेळ. म्हणून आम्ही दशमी धरली. मिस्सा आटोपून साडेसातला, भरती पुरी होऊन पाणी क्षणभर विसावते त्या सुमारास. पंधरवड्यातून अशी एक-दोनच प्रभाते मिळतात. उरलेले दिवस वाट पाहायची. कंबरेला दोरीने बांधलेला नारिंगी फुगा, जेणेकरून होडीवाल्यांना दुरून दिसावे; एकट्याने कधीही उतरायचे नाही; आणि पोहणे किनाऱ्याला समांतर, छातीइतक्या पाण्याच्या फार पलीकडे न जाता, हे तीन नियम आम्ही पहिल्या दिवसापासून पाळले. नाखव्यांचा नातू लहान होडी घेऊन बाजूने येत असे.

पहिल्या दशमीला दोनशे मीटर गेल्यावर एक लाट नेमकी श्वासाच्या वेळी तोंडावर आली. खारट पाणी घशात गेले, छाती आवळली, आणि तलावात पाठ झालेला ताल क्षणार्धात विसरला गेला. मरणासन्न माणसांजवळ बसण्यात आमचे आयुष्य गेले आहे; तरीही त्या क्षणी शरीराने आम्हांला विचारले नाही. शिकवले होते ते एवढेच, की अशा वेळी पुढे जायचे नाही, उताणे व्हायचे. आम्ही उताणे झालो. कान पाण्यात बुडाले, वर आकाश आले. होडी जवळ आली आणि त्या पोराने दोरी टाकली. "धरा ना फादर, कोन बगतंय इथं?" असे तो हसून म्हणाला.

वाचकहो, गेली तीस वर्षे लोक आमचा हात धरीत आले आहेत. कोणाच्या दारी मरण येते, कोणाचा मुलगा घर सोडून जातो, कोणाचे लग्न मोडायला येते. त्यांनी धरायचे आणि आम्ही स्थिर उभे राहायचे, ही रीत अंगात इतकी मुरलेली, की त्या दोरीकडे हात न्यायला आम्हांला लाटेपेक्षा अधिक बळ लागले. आम्ही दोरी धरली. दोन मिनिटे श्वास मोजला. मग सोडली आणि उरलेले अंतर सावकाश पार केले.

पुढे शर्यतीची नियमावली वाचताना एक कलम दिसले. दमलेल्या स्पर्धकाला बोया किंवा मदतीची होडी धरून विसावण्याची मुभा आहे; तिच्या आधाराने पुढे मात्र सरकायचे नाही. विसावल्याने तो बाद होत नाही. ज्यांनी हा नियम केला, त्यांना माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. पोहताना जे प्राणास मुकतात, त्यांच्यात काहीजण थांबायला लाजलेलेही असतील, असे आम्हांला राहून राहून वाटते. बळ कमी पडल्याने जितके घात होतात, तितकेच 'लोक काय म्हणतील' यानेही होत असावेत.

आता आम्ही पाच दशमी पार केल्या आहेत. ७५० मीटर समुद्रात एकदा पुरे झाले. त्यात आम्ही दोनदा उताणे झालो आणि एकदा दोरी धरली. शर्यत अजून व्हायची आहे. त्या दिवशी छाती आवळली तर आम्ही होडी धरू, आणि डॉक्टरांनी नको म्हटले तर किनाऱ्यावर उभे राहून टाळ्या वाजवू.

दरम्यान पालकांना विनंती. या उन्हाळ्यात आपल्या मुलांना, विशेषतः मुलींना, तलावात घाला. चार हात मारता येऊ लागले म्हणजे पोहणे आले असे मानू नका. उताणे होऊन दहा मिनिटे स्वस्थ तरंगता आले, की मग समुद्राचे नाव काढा. तिथी विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू देऊ नका. मोठ्या माणसाने मुलांसमोर एकदा तरी दोरी धरून दाखवावी. दमल्यावर हाक मारायची असते, हे मुले त्यातूनच शिकतील. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी धर्मग्रामाच्या कार्यालयात नाव द्यावे. पुढच्या दशमीला आम्ही साडेसातला किनाऱ्यावर असू.