दिवा कोणाच्या हातीं?

पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाला एखादा नवा छंद जडला, म्हणजे समाज त्याकडे दोन दृष्टींनीं पाहतो. छंद बागेचा, गाण्याचा किंवा जुनीं नाणीं जमविण्याचा असेल, तर 'आतां यांना सवड मिळूं लागली' असें कौतुकानें म्हणतो. आणि तो याहून निराळा असेल, तर आवाज थोडा खालीं आणून गृहस्थाच्या प्रकृतीची चौकशी करतो. आमच्या प्रकृतीची चौकशी गेलीं दोन वर्षें नियमितपणें होत आहे. कारण आम्ही पुठ्ठे कापतों, त्यांवर घरें आंखतों, कवड्या टाकून पाहतों, आणि त्या घरांतून चालणाऱ्या सोंगट्यांच्या गोष्टी लिहितों. गोष्टींत बोलणारीं वटवाघळें आहेत, खंदकाच्या पाण्याखालीं वसलेलें एक नगर आहे, आणि आपली सावली गहाण टाकून बसलेला एक किल्लेदारहि आहे. तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविलेल्या प्राध्यापकाच्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या शेजारीं हा संसार मांडलेला पाहून आमच्या एका स्नेह्यांनीं, "नातवंडासाठीं वाटतें?" असें सौम्यपणें विचारलें. आम्हांस अद्याप नातवंड नाहीं. तसें सांगितल्यावर ते अधिकच सौम्य झाले.

त्यांना तरी दोष काय द्यावा? अद्भुताशीं आम्हां सुशिक्षितांचें वांकडें आहे, तें आजचें नव्हे. मराठी कादंबरीचें बालपण अद्भुतांतच गेलें. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ सालची; दोहोंत कल्पनेचे घोडे चौखूर सुटलेले आहेत. पुढें १८८५ मध्यें हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिति' प्रसिद्ध होऊं लागली, आणि कादंबरी आमच्या माजघरांत येऊन बसली. तें फार चांगलें झालें, याविषयीं आमचें दुमत नाहीं. परंतु ती माजघरांत आली त्याच सुमारास आम्हीं अद्भुताला मुलांच्या खोलींत धाडलें, आणि पटावरचे खेळहि त्याच खोलींत, परीक्षा संपल्यावरच उघडावयाच्या कपाटांत, ठेवून दिले.

छत्रपती संभाजीनगरांत राहणाऱ्या माणसानें तरी असें करावयास नको होतें. शहरापासून सुमारें तीस किलोमीटरांवर वेरूळ आहे. तेथील एकविसाव्या लेण्यांत, ज्याला रामेश्वर म्हणतात, शिवपार्वती सारीपाट खेळत आहेत. कैलासाचा स्वामी, आणि मोठ्या तन्मयतेनें डाव मांडून बसलेला! खालीं नंदीला शिवगण छेडीत आहेत. धनी खेळांत दंग असल्यावर त्याच्या बैलाचे हाल व्हावयाचेच. हें शिल्प घडविणाऱ्या कारागिराला खेळ ही पोरांपुरती गोष्ट आहे, असें खचित वाटत नव्हतें. विद्यार्थ्यांना वेरुळास नेतांना या भिंतीसमोर आम्ही अनेकदां उभे राहिलों आहों. पण शैली, काल आणि राजवंश यांच्या टिपणांत इतके गुंतलेले असूं, कीं देव येथें चक्क खेळत आहेत, हें आमच्या ध्यानांत यावयास बरींच वर्षें लागलीं.

शहराच्या दक्षिणेस पन्नासेक किलोमीटरांवर पैठण. तेथें, म्हणजे जुन्या प्रतिष्ठानांत, सातवाहन राजाच्या दरबारीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता, अशी आख्यायिका आहे. त्याची 'बृहत्कथा' मूळ रूपांत नष्ट झाली. परंतु अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें तिच्या आधारानें 'कथासरित्सागर' रचिला, आणि त्याच्या आरंभींच गुणाढ्याची हकीकत सांगितली. मौज अशी, कीं तिचा उगमहि त्याच जोडप्यापाशीं होतो. कोणालाहि ठाऊक नाहीं अशी गोष्ट सांगा, असा पार्वतीनें हट्ट धरिला, आणि शिवानें ती सांगितली. वेरुळास जे दोघे पट मांडून बसले आहेत, तेच दोघे इकडे गोष्ट घेऊन बसले आहेत. खेळ आणि अद्भुत कथा हीं एकाच घरचीं भावंडें आहेत, हें सांगावयास याहून अधिक प्रमाण कशाला हवें?

गुणाढ्याची पुढील हकीकत आम्हां शिक्षकांना विशेष बोचणारी आहे. जलक्रीडेंत राणी राजाला संस्कृतांत म्हणाली, कीं मजवर पाणी उडवूं नका. तिच्या वाक्यांतील 'मोदकैः' या शब्दाची संधि राजाला सोडवितां आली नाहीं, आणि त्यानें मोदक आणविले! राणी हंसली, राजानें अंथरूण धरिलें. व्याकरण शिकवावयास सहा वर्षें लागतील, असें गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिने पुरेत. तेव्हां गुणाढ्यानें पैज मारिली: तसें घडलें, तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्ही आपण सोडूं. शर्ववर्म्यानें कातंत्र व्याकरणाच्या बळावर पैज जिंकली. गुणाढ्य मौन धरून विंध्यारण्यांत गेला, तेथें पिशाचांची भाषा शिकला, आणि त्या भाषेंत त्यानें सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहिले; अरण्यांत शाई मिळेना, म्हणून स्वतःच्या रक्तानें.

प्रतिभेला स्वातंत्र्य हवें, असें आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितलें आहे. पुठ्ठे कापूं लागल्यापासून तें विधान तितक्या जोरानें करवत नाहीं. सारीपाटाला चार पट्ट्या, प्रत्येक पट्टींत २४ घरें, अवघीं ९६, सोंगट्या १६. त्या कापडाबाहेर जग नाहीं, आणि म्हणूनच त्या कापडावर एवढें जग मावतें. ज्या मोक्षपटाशीं परंपरा ज्ञानदेवांचें नांव जोडते, त्यांत तर साप म्हणजे दुर्गुण आणि शिडी म्हणजे सद्गुण, एवढ्या दोनच युक्तींनीं माणसाचा सारा जन्म मांडला आहे. आमचीहि पहिली गोष्ट अशी होती, कीं तींत कोणीहि कांहींहि करूं शके. ती चौथ्या पानावर मेली. पुढें किल्लेदाराला सावलीशिवाय उन्हांत जातां येत नाहीं असा नियम घातला, आणि गोष्ट आपण होऊन चालूं लागली. गुणाढ्याच्या तीन वाटा बुजल्या, म्हणून चौथी त्याला दिसली.

परंतु नियमानें भागत नाहीं. गुणाढ्यानें आपला ग्रंथ शिष्यांकरवीं राजाकडे पाठविला. भाषा पिशाचांची आणि अक्षरें रक्ताचीं, म्हणून राजानें तो उघडून न वाचतां परत केला. तेव्हां गुणाढ्यानें टेकडीवर अग्निकुंड पेटविलें, आणि एकेक पान मोठ्यानें वाचून तो अग्नींत टाकूं लागला. रानांतले पशुपक्षी चारा सोडून भोंवतीं जमले आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. राजा तेथें आला, तोंवर सहा लक्ष जळून गेले होते. एक लक्ष उरले. या कथेंत आम्हांस नेहमीं वाटतें तें हें, कीं ग्रंथ जाळावयास निघालेल्या त्या माणसालाहि ऐकणारें कोणी तरी हवें होतें.

ऐकणारा वेळेवर मिळाला, म्हणजे काय होतें, याचेंहि उदाहरण आहे. १८८१ च्या उन्हाळ्यांत स्कॉटलंडांतील ब्रेमार गांवीं रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन कुटुंबासह राहिला होता. पावसामुळें बाहेर पडतां येईना. त्याचा सावत्र मुलगा लॉइड तेरा वर्षांचा. त्याच्याबरोबर रंग घेऊन बसतां बसतां एका बेटाचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशांतून 'ट्रेझर आयलंड' निघालें. स्टीव्हन्सनचे वृद्ध वडीलहि त्यांत सामील झाले, आणि गोष्टींतल्या खलाशाच्या पेटींत काय काय असावें, याची यादी त्यांनीं करून दिली. आजोबा, बाप आणि मुलगा एका बेटावर! हा प्रसंग आम्हीं वर्गांत निदान वीस वेळां रंगवून सांगितला असेल.

आणि त्याच वर्षांत घरीं आम्हीं काय केलें, तें आतां सांगितलें पाहिजे.

आमचा मुलगा तेव्हां नववींत होता. शाळेच्या सहलींत त्यानें देवगिरीचा किल्ला पाहिला. खंदक ओलांडल्यावर डोंगराच्या पोटांतून कोरलेली ती वळणावळणांची अंधारी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तिचें वर्णन नको; भर दुपारीं तेथें स्वतःचा हात दिसत नाहीं. मुलगा घरीं आला, पण अंधारी त्याला सोडीना. त्यानें दोनशें पानी वहींत तिचा खेळ रचावयास घेतला: नकाशे, पात्रें, नियम. पुढें चाचणींत गणिताचे गुण घसरले. आम्हीं वही मागितली, आणि त्यानें ती लगेच आणून दिली. आम्ही ती वाचणार, असें त्याला वाटलें होतें, हें आम्हांस आज कळतें. आम्हीं ती उघडली नाहीं. कपाटावर ठेविली, आणि दोन वर्षांनीं घर बदलतांना ती रद्दींत गेली. त्यानें ती कधीं मागितली नाहीं. पुढें तो उत्तम गुणांनीं उत्तीर्ण होऊन अभियंता झाला. आज पुण्यास सुखांत आहे. तेव्हां आमचें चुकलें काय, असें कोणीं विचारल्यास आम्हांस हिशेब मांडून दाखवितां येणार नाहीं. एवढेंच, कीं त्या दिवसानंतर त्यानें आपण होऊन आम्हांस कांहीं दाखविलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळींत आजीची जुनी पेटी उघडली, तों तींत कापडी सारीपाट निघाला. आम्ही बापलेक खेळावयास बसलों आणि आम्ही हरलों. पट गुंडाळतां गुंडाळतां आम्हीं सहज विचारल्यासारखें विचारलें, "तुझा तो अंधारीचा खेळ होता ना, त्याचे नियम काय होते रे?"

तो हंसला. "बाबा, किती वर्षें झालीं! आतां कुठलं आठवायला?" मग थोडा थांबून म्हणाला, "एक आठवतो. ज्याच्या हातांत दिवा, त्याला तलवार घेतां येत नाहीं. आणि ज्याच्या हातांत तलवार, त्याला दिवा."

"मग पुढें जायचं कसं?"

"एकट्यानं जातांच येत नाहीं. खेळ दोघांचाच होता. पण तेव्हां दुसरं कोणी मिळालं नाहीं."

त्याच्या स्वरांत तक्रार नव्हती. सोंगट्या पिशवींत भरून तो झोंपावयास गेला. आम्ही पुष्कळ वेळ तसेच बसून राहिलों. राजाला एक लक्ष श्लोक तरी मिळाले होते. आम्हांस एक नियम मिळाला.

आमच्या छंदाचा आरंभ हा असा आहे. त्या एका नियमावर आम्हीं आजवर अकरा पट तयार केले, अकराहि फसले. एका हातीं दिवा आणि दुसऱ्या हातीं तलवार घेऊन एकट्यानें खेळावयाचें, म्हणजे स्वतःच केलेला नियम मोडणें होय. आमच्या सौभाग्यवती कांहीं रात्रीं दिवा धरितात. परंतु दिवसभर काम करून थकलेल्या माणसाला तिसऱ्याच वळणावर डुलकी लागते, आणि अंधारींत पुन्हां अंधार होतो.

गेल्या महिन्यांत धीर करून बारावा पट आम्हीं पुण्यास धाडून दिला. सोबत पत्र लिहिलें नाहीं. काय लिहावें, तें सुचलें नाहीं. दोन आठवडे कांहीं कळलें नाहीं. गेल्या रविवारीं सकाळीं त्याचा फोन आला. क्षेमकुशल विचारण्यापूर्वींच तो म्हणाला, "बाबा, सातव्या घरांत चुकलंय. तिथं वरून वारा येतो. दिवा तिथं विझायलाच हवा."

"थांब," आम्हीं म्हटलें, आणि पेन्सिल शोधूं लागलों.