आईचा अर्धा तास

आजारी माणसाची विचारपूस सगळेच करतात. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला मात्र ‘तू कशी आहेस?’ असे क्वचितच कोणी विचारते. घरात कॅन्सर शिरला की फाईल एकाच्या नावाची तयार होते, दुखणे दोघांना लागते.

माझ्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखूची सवय जुनीच होती. परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि पुढे सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रेडिएशन. पवईहून बसने कांजूरमार्ग, तिथून धीम्या गाडीने परळ, मग अर्नेस्ट बोर्जेस मार्गापर्यंत पायी. आम्ही निदान रात्री घरी परतत होतो. दूरदूरच्या गावांहून आलेले कित्येक सोबती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाहीतर पदपथावर दिवस काढतात.

वडिलांच्या नाकातून नळी होती. दर दोन तासांनी दूध, डाळीचे पाणी, मिक्सरमधून काढून फडक्याने गाळलेली पेज त्या नळीतून सोडायची. हे सारे आई करी. शिवाय टॉवरमधली दोन घरची कामे तिने सोडली नव्हती. घर त्यावरच चालले होते. खेपेखेपेला वडिलांचे वजन फाईलवर लिहिले जाई. आईचे वजन कोणत्या फाईलवर लिहायचे? तिच्या ब्लाऊजच्या बाह्या सैल झाल्या, एवढीच त्याची नोंद. पाठ धरलेली, झोप उडालेली, रक्तदाबाची गोळी विसरलेली.

कॉलेजात २१ जूनला योग दिन झाला. तेथे मी शवासन आणि भ्रामरी शिकलो आणि घरी येऊन आईला ऐकवले. ती म्हणाली, “झोपून राहायला सुद्धा शिकवणी लागते का रे?” आणि मिक्सर धुवायला उठली.

मी मात्र या विषयावर वाचत राहिलो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगाला चमत्कारातून सोडवून प्रयोगशाळेत आणले. टाटा रुग्णालयानेही स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्ण स्त्रियांवर योगाचा अभ्यास केला. २०२२ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत, नेहमीच्या उपचारांना योगाची जोड मिळालेल्या स्त्रियांत आजार न उलटण्याचे प्रमाण तुलनेने १५ टक्क्यांनी सुधारलेले दिसले. जोड हा शब्द महत्त्वाचा. औषध सोडून आसने करा असे सांगणाऱ्यापासून दूरच राहावे.

हा अभ्यास रुग्णांचा होता. सोबतीच्या माणसाला त्यातून घ्यायचे ते थोडे आणि सोपे आहे. श्वास सोडताना नाडी मंद होते, म्हणून लांब उच्छ्वासाने जीव शांत होतो. मार्जारासनाने धरलेली पाठ थोडी मोकळी होते. यासाठी पैसा लागत नाही, सतरंजी पुरते. लागतो तो वेळ, आणि तोच आईजवळ नव्हता.

मग संध्याकाळच्या पाच वाजताची नळी मी माझ्याकडे घेतली. पहिले काही दिवस आई सतरंजीवर पडे, पण डोळे मिटत नसे. तिचे कान वडिलांच्या खोकल्याकडे. आठवड्याने शवासनात तिला चक्क झोप लागली. योगशिक्षक याला चूक म्हणतील. मला ते आसन साधल्यासारखे वाटले. पाठदुखी काही गेली नाही; पण गोळी वेळेवर घेतली जाऊ लागली आणि पेज गाळताना ती पुन्हा बोलू लागली.

आमच्या पवईत योगाला तोटा नाही. सकाळी तलावाकाठी माणसे चटया अंथरून बसतात. त्याच वेळी फुलेनगर, मिलिंदनगरच्या बायका त्यांच्याच घरी भांडी घासायला निघालेल्या असतात. त्यांतल्या एखादीच्या घरीही नळी लावलेले माणूस असेल. ‘स्वतःला जप’ असे तिला सांगणे म्हणजे तिच्या कामांत आणखी एका कामाची भर घालणे होय, जोवर तिच्या हातातले काम घ्यायला दुसरा हात पुढे येत नाही.

पतंजलींच्या आठ अंगांत पहिला यम, आणि यमांत पहिली अहिंसा. ती फक्त इतरांसाठीच राखून ठेवावी असे कोठे आहे? सेवा करणाऱ्याचे शरीरही शरीरच आहे. म्हणून वाचकहो, आजाऱ्याच्या भेटीला जाल तेव्हा शहाळे जरूर न्या, पण निघण्यापूर्वी अर्धा तास त्याच्या उशाशी बसा आणि घरातल्या माउलीला म्हणा, “तुम्ही जरा आत जाऊन पडा.”