रिकाम्या जागेची छपाई

जत्रेचं, बाजाराचं चित्र छापताना रंग किंचित हलला तरी बघणाऱ्याचा डोळा पुढे सरकतो. वासुदेव गायतोंडे यांच्या वळणाचं अमूर्त काम छापायचं म्हटलं की ही सवलत संपते. राखाडी हळूहळू पिवळ्यात उतरत जातो आणि त्या उतरण्यातच सगळं चित्र असतं. ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या जेमतेम २५६ पायऱ्या असतात. अशा जागी त्या पट्ट्यांसारख्या उमटू शकतात. म्हणून मी चित्रकाराकडून १६ बिटचीच फाइल मागतो.

पण माझा खरा जीव कागदात. ग्राहक बहुधा सर्वांत पांढराशुभ्र कागद उचलतो. ती शुभ्रता पुष्कळदा ऑप्टिकल ब्राइटनरची असते. हे रसायन अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देतं. पुढे त्याचा जोर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो. रंगांनी भरलेल्या चित्रात हे लपून जाईल. नसरीन मोहमदी यांच्या रेखाटनांत मात्र बारीक रेषांमधला कोरा कागद हाच चित्राचा मोठा भाग आहे. तो बदलला की चित्रच बदललं. मी शंभर टक्के कापसाचा, आम्लविरहित, ब्राइटनर नसलेला, ३०० जीएसएमच्या आसपासचा कागद वापरतो. तो किंचित दुधाळ दिसतो, आणि मला तसाच आवडतो. शाई पिगमेंटची हवी. डायची शाई उजेडात लवकर विटते.

एवढं करूनही मूळ चित्र हाती येत नाही. गायतोंडे रोलरने, पॅलेट नाइफने थरावर थर चढवत, काही काढूनही घेत. त्या थरांच्या आतून येणारा उजेड कागदावर उतरत नाही. प्रिंट विकणाऱ्याने हे आधीच सांगायला हवं.

परवानगीचंही विचारा. आपल्याकडे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, आणि गायतोंडे गेले २००१ साली. त्यांच्या चित्राचं प्रिंट कुणी विकत असेल, तर हक्क कुणाकडून घेतला हे त्याला सांगता आलं पाहिजे.

प्रिंट पसंत करण्याआधी छोटं प्रूफ घरी न्या. दुकानाच्या दिव्याखाली शांत वाटलेला राखाडी तुमच्या खिडकीपाशी हिरवट वाटू शकतो. सकाळी बघा, रात्री दिवा लावून बघा. फ्रेम करताना माउंट आम्लविरहित घ्या आणि काच प्रिंटला टेकू देऊ नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरतो, आणि मग तो सोडवताना शाई निघते. ओल येणारी बाहेरची भिंत तर टाळाच.

आणि पैसे मोजके असतील, तर प्रिंट लहान घ्या. कागद हलका घेऊ नका.